भूमिगत खाण, हजार नोकऱ्या आणि ऐंशी हजारांचं सर्टिफिकेट

सर, आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात आहे. गावाच्या शिवारात भूमिगत कोळसा खाण होणार असं दोन वर्षांपासून ऐकतोय. बोअर मारणारे येऊन गेले, आता जनसुनावणी होणार म्हणतात. हजारावर स्थानिकांना नोकऱ्या मिळतील, असं सगळे पुढारी सांगतात. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, वय २१. आमची तीन एकर जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे, आजोबा वारले. तालुक्याला एक जण ‘अंडरग्राउंड मायनिंगचं सरकारमान्य सर्टिफिकेट’ ऐंशी हजारांत देतो, खाण सुरू झाली की पहिली यादी आपली, असं म्हणतो. बाबा म्हणतात, पैसे भर आणि खाण येईपर्यंत घरीच थांब, शेती बघ. धाकट्या बहिणीने दहावी केली, तिला मायनिंगचा डिप्लोमा करायचा आहे. घरचे म्हणतात, बाईमाणसाला खाणीत कोण घेणार? काय करावं?
– एक वाचक

प्रिय मित्रा,

तुला ‘अरे-तुरे’ करतो, रागावू नकोस. खाणीच्या प्रशिक्षण केंद्रात तुझ्याच वयाची पोरं शिकवण्यात माझं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं, तीच सवय राहिली आहे.

सर्वांत घाईचा प्रश्न ऐंशी हजारांचा. देऊ नकोस. हप्त्याने नाही, अर्धे नाही, ‘फक्त नाव नोंदवायला’ म्हणूनही नाही. तो माणूस जे सांगतो त्यातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. खाणीत नव्याने उतरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावंच लागतं, हे खरं. खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियम १९६६ सालचे आहेत आणि त्याशिवाय कुणाला खाली पाठवणं व्यवस्थापकाला महागात पडतं. तो सांगत नाही ते असं की हे प्रशिक्षण देणं खाणचालकाची जबाबदारी आहे. आधी खाण किंवा तिचा ठेकेदार तुला कामावर घ्यायचं ठरवतो, मग तुझी वैद्यकीय तपासणी होते, मग तुला व्हीटीसीत, म्हणजे खाणीच्या व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रात पाठवतात. नोकरी आधी, सर्टिफिकेट नंतर. जिथे अजून खाणीचं तोंडही उघडलेलं नाही, तिथल्या नोकरीसाठी आज सर्टिफिकेट विकणारा माणूस हा क्रमच उलटा करून विकतोय.

त्याला एक प्रश्न विचारून बघ: तपासणी कुठे करणार? छातीचा एक्स-रे, फुफ्फुसाची क्षमता, कान, डोळे, रक्तदाब हे सगळं भरतीआधी पाहतात आणि पुढे कमाल पाच वर्षांनी पुन्हा पाहतात. डोळ्यांत किंवा छातीत दोष निघाला तर हातात कुठलाही कागद असला तरी माणूस खाली जात नाही. त्यामुळे पैसे खर्चच करायचे असतील तर आधी कुठल्याही चांगल्या डॉक्टरकडे छाती, कान आणि रंगांधळेपणा तपासून घे. इलेक्ट्रिशियनला तारांचे रंग ओळखता आले पाहिजेत, ते तर खाणीबाहेरही लागतं.

आता हजार नोकऱ्यांचं. कोणत्याही प्रस्तावित खाणीच्या पर्यावरण अहवालात मनुष्यबळाचा तक्ता असतो. तो बघितल्याशिवाय या आकड्यावर बोलायचंच नाही, असं मी ठरवलं आहे. तक्ता मिळाला की चार गोष्टी वेगळ्या कर. बांधकामाच्या काळातली माणसं किती आणि खाण चालवणारी किती. कायम किती आणि ठेकेदाराकडची किती. कुशल किती आणि अकुशल किती. आणि ‘अप्रत्यक्ष रोजगार’ म्हणून जो मोठा आकडा शेवटी जोडतात, त्यात ट्रकवाले, चहाटपऱ्या, भाड्याच्या खोल्या सगळं धरलेलं असतं. तो बाजूला ठेव. उरतो तो तुझ्या कामाचा आकडा, आणि तो भाषणातल्या आकड्यापेक्षा बराच लहान असतो.

लहान का असतो, तेही सांगतो, कारण गावात याच गोष्टीवरून पुढे भांडणं लागतात. कोल इंडियात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साडेसहा लाखांच्या घरात माणसं होती. आज ती सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत, आणि कोळसा मात्र तेव्हापेक्षा कितीतरी जास्त निघतो. देशातल्या कोळशातला भूमिगत खाणींचा वाटा पाच टक्क्यांच्या आत आला आहे. सरकारला तो वाढवायचा आहे. २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन भूमिगत कोळशाचं उद्दिष्ट आहे, म्हणूनच तुमच्याकडे बोअर मारले जात आहेत. पण हा कोळसा टोपलीने भरून निघणार नाही. कंटिन्युअस मायनर नावाचं यंत्र कोळसा कापतं आणि भरतंही, शटल कार तो बेल्टपर्यंत नेते, रूफबोल्टर छताला बोल्ट ठोकतो. पूर्वी ज्या फेसवर, म्हणजे कोळसा कापायच्या जागी, कोळसा भरणाऱ्या लोडरांची मोठी टोळी घाम गाळायची, तिथे आता मोजकी माणसं पाळी काढतात. आणि ही यंत्रं बऱ्याचदा ठेकेदार कंपनीच आणते, चालवणारी माणसंही सोबत आणते. शिवाय कंपनी सरकारी असेल, तर जुन्या बंद पडलेल्या खाणींतले कायम कामगार नव्या खाणीत बदलीवर येतात. त्यांचा हक्क आधीचा असतो, त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही.

कंपनी सरकारी आहे की खासगी, हे तू लिहिलंच नाहीस. तुझ्या तीन एकरांचा सगळा हिशेब त्यावर आहे, तेव्हा आधी ते शोधून काढ. वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स असेल, तर कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी धरलेली आहे. कमी जमीनवाल्यांना आपापसांत जमीन जोडून दावा करता येतो, आणि नोकरी नको असेल तर पैशांचा पर्याय आहे. लिलावात खाण घेतलेली खासगी कंपनी असेल, तर हे धोरण तिला बांधील नाही. तिथे २०१३ च्या भूसंपादन कायद्याची दुसरी अनुसूची कामाला येते: प्रकल्पात नोकऱ्या असतील तर योग्य प्रशिक्षण देऊन बाधित कुटुंबातल्या किमान एकाला किमान वेतनापेक्षा कमी नाही अशा पगारावर काम, किंवा एकरकमी ५ लाख, किंवा २० वर्षं दरमहा २,००० रुपये, महागाईप्रमाणे वाढणारे. खासगी कंपनी थेट खरेदीने जमीन घेऊ लागली तर काय मिळणार हे करारात काय लिहिलं जातं त्यावर ठरतं, म्हणून करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न आहे, जो भूमिगत खाणीच्या गावात फार उशिरा विचारला जातो: तुमची जमीन घेणार आहेत का? खुल्या खाणीला सगळं रान लागतं. भूमिगत खाणीला वर लागतं ते इन्क्लाइनचं (उतरत्या बोगद्याचं) किंवा पिटचं (उभ्या विवराचं) तोंड, पंख्याचं घर, लॅम्प रूम, वर्कशॉप, बारूद ठेवायचं मॅगझिन, कोळसा साठवायची आणि भरायची जागा, रस्ता, रेल्वे साइडिंग. म्हणजे नकाशावर खाणीची हद्द केवढीही मोठी दिसो, प्रत्यक्षात घेतलेली जमीन त्यातला छोटा तुकडा असू शकतो. ज्याची जमीन त्या तुकड्यात नाही, त्याला ‘जमीन गेली’ या नात्याने नोकरी मिळत नाही. मात्र त्याच्या वावराखालून कोळसा निघतोच. पुढे छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे पिलर काढून घेतले, म्हणजे डिपिलरिंग केलं, आणि मागची पोकळी कोसळू दिली, तर वर जमीन खचू शकते, भेगा पडतात, विहिरीचं पाणी उतरतं. त्यामुळे नोकरीच्या यादीत नाव नाही आणि विहीरही गेली, अशी गत होऊ नये यासाठी दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारायचे.

आजोबांच्या नावावरचा सातबारा या महिन्यातच हातात घे. तलाठ्याकडे वारस नोंद करून फेरफार पूर्ण करा. सरकारी कोळसा कंपनी बहुधा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली जमीन घेते. त्यात कलम ७ ची अधिसूचना निघाली की हरकतीला ३० दिवस असतात. त्या ३० दिवसांत वारस शोधायला बसलात तर हरकत कधी घेणार? आणि अधिसूचनेनंतर केलेल्या वाटण्यांकडे कंपनीचा अधिकारी संशयानेच बघतो. वारसांत आत्या असतील तर त्यांची नावंही यायला हवीत, हे बाबांना आत्ताच सांग.

जनसुनावणीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण प्रशिक्षणाची गोष्ट पदरात पाडून घ्यायची जागा तीच आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे ही सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतो, आणि किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. अहवालाचा मसुदा आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी वाचायला ठेवलेला असतो. बहुतेक सुनावण्यांत मी पाहिलं ते असं: एक गट घोषणा देतो, दुसरा गट ‘खाण पाहिजेच’ म्हणतो, पुढारी अर्धा तास बोलतात, आणि ‘स्थानिकांना प्राधान्य द्या’ एवढंच वाक्य इतिवृत्तात उतरतं. या वाक्यावर कंपनीचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘पात्रतेनुसार प्राधान्य देण्यात येईल.’ आणि पात्रता तर गावात कुणाकडेच नसते. झालं, यादी संपली.

म्हणून ‘प्राधान्य’ मागू नका, पात्र करण्याचं वेळापत्रक मागा. कोणत्या पदासाठी कोणती पात्रता लागणार, ते गावात आज लिहून द्या. कोळसा निघायच्या किती आधी प्रशिक्षण सुरू होईल? किती जागा, कुठल्या संस्थेत, विद्यावेतन किती, आणि ते ठेकेदाराने द्यायचं की कंपनीने? कंटिन्युअस मायनर, एलएचडी (कोळसा उचलून वाहून नेणारं यंत्र), रूफबोल्टर यांचे ऑपरेटर बाहेरून आणणार असाल, तर त्यांच्या हाताखाली गावातली किती मुलं ठेवणार आणि किती वर्षांत ती स्वतः यंत्र चालवतील? ठेकेदार बदलला तर प्रशिक्षित मुलं नव्या ठेकेदाराकडे जातील की घरी? हे लेखी द्या, पोचपावती घ्या, आणि तोंडीही बोला. सुनावणीच्या शेवटी मुद्द्यांचा सारांश लोकांना वाचून दाखवायचा असतो. तेव्हा मंडप रिकामा झालेला असतो, जेवणाची वेळ झालेली असते. तुम्ही मात्र थांबा, आणि आपले मुद्दे त्यात आले नसतील तर तिथेच हात वर करा.

आता तुझं. बाबा म्हणतात घरी थांब. प्रस्तावापासून कोळसा निघेपर्यंत मायनिंग प्लॅन, पर्यावरण मंजुरी, जंगल असेल तर वनमंजुरी, जमीन, मग इन्क्लाइन खोदणं किंवा पिट उतरवणं, यांत पाच-सात वर्षं सहज जातात. काही प्रस्ताव कागदावरच राहतात. तोवर तू २६-२८ चा होशील आणि हातात आयटीआयचा जुना कागद असेल, अनुभव शून्य. हे चालणार नाही.

तुझा ट्रेड चांगला आहे, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. भूमिगत खाणीत विजेशिवाय एक मिनिट भागत नाही. मुख्य पंखा थांबला तर हवा थांबते, पंप थांबले तर पाणी चढतं, बेल्ट थांबला तर पाळी थांबते. आणि तिथली वीज घरच्या विजेसारखी नसते. मिथेन हा खाणीतला ज्वालाग्राही वायू हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असला की ठिणगीने स्फोट होतो, म्हणून स्विच, मोटर, जोडखोकी सगळी फ्लेमप्रूफ असतात, म्हणजे आतली ज्वाला बाहेर पडू देत नाहीत. त्या खोक्याचा एक बोल्ट कमी लावला तरी तो फ्लेमप्रूफ राहत नाही. मिथेन १.२५ टक्क्यांवर गेला की त्या भागाची वीज तोडायची. हे ज्याच्या हातात बसलं आहे असा इलेक्ट्रिशियन कोणत्याही खाणीला हवा असतो, आणि बाहेरही उपाशी राहत नाही.

म्हणून आत्ता ॲप्रेंटिसशिप शोध. वेकोलि घेते, औष्णिक वीज केंद्र घेतं, कोरपना-राजुऱ्याकडचे सिमेंट कारखाने घेतात. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यात नंतर नोकरी देण्याची सक्ती नाही, हे आधीच माहीत असू दे, म्हणजे वर्ष संपल्यावर फसवणूक झाल्यासारखं वाटणार नाही. तुला तिथून हवा आहे तो उच्चदाबाच्या यंत्रणेवरचा अनुभव. त्यानंतर विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडून वायरमनचा परवाना आणि पुढे सुपरवायझरचं प्रमाणपत्र, त्यातही खाणीसाठीचा भाग. हा खरा सरकारमान्य कागद. तो मिळवायला वेळ लागतो, पण एजंट लागत नाही. खाण आली तर तू दारात ‘जनरल मजदूर’ म्हणून उभा राहणार नाहीस. नाही आली तरी त्या कागदावर तुझं पोट चालेल.

ठेकेदाराकडे काम मिळालं तर नाक मुरडू नकोस, पण तीन गोष्टी पहिल्याच महिन्यात तपास: हजेरी रजिस्टरमध्ये नाव, पगारपत्रक, आणि सीएमपीएफ, म्हणजे कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा, तुझ्या नावाचा नंबर. कोल इंडियाच्या खाणीत कोळशाच्या कामावरच्या ठेका कामगारांना हाय पॉवर कमिटीने ठरवलेली मजुरी द्यावी लागते. ती खात्यात जमा करून नंतर काही भाग रोखीने परत मागायची जुनी खोड काही ठेकेदारांना आहे. असं झालं तर एकटा बोलू नकोस, युनियनकडे जा.

आणि एक गोष्ट पैशांपलीकडची. खाली जायचं की नाही, हे तुझ्या शरीरानेही ठरवायचं असतं. ऊब, दमट हवा, धूळ, कॅपलॅम्पच्या उजेडाएवढंच जग, कमरेला विषारी वायूपासून वाचवणारा सेल्फ रेस्क्यूअर, आणि फेसपर्यंत चालत जायचं अंतर. माझ्या वर्गातली काही धट्टीकट्टी पोरं पहिल्या उतरणीतच परत फिरली, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. भूमिगत खाणीत स्फोट क्वचित होतो. माणसं जास्त जातात ती छताचा दगड पडून. म्हणून आम्ही काठीने रूफ ठोकून आवाज ऐकायला शिकवायचो: खणखणीत आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर मागे सरक आणि सरदाराला, म्हणजे फेसवर देखरेख करणाऱ्याला, सांग. पाण्याचाही धोका असतो. १९७५ साली धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामातलं पाणी फुटून पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. जो ट्रेनर हे सांगायचं टाळून फक्त पगार सांगतो, त्याच्याकडून शिकू नकोस.

बहिणीचं सोपं आहे. भूमिगत खाणीत स्त्रियांना कायद्याने मनाई होती, ती २९ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने सैल झाली. तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मध्ये त्या खाली जाऊ लागल्या. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी या मायनिंग इंजिनिअर झारखंडच्या चुरी भूमिगत खाणीत रुजू झाल्या. १९५२ च्या खाण कायद्याची जागा घेणारी श्रमसंहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, तिच्यात तर संमती आणि सुरक्षेच्या अटींवर स्त्रियांना सगळ्या प्रकारची कामं खुली आहेत. ‘कोण घेणार’ हा प्रश्न म्हणजे आता घरच्यांची भीती आहे, नियम नाही. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात मायनिंगचा डिप्लोमा आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग खाणीत प्रत्यक्ष काम शिकण्याचं वर्ष, मग धनबादच्या डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) मंडळाचं ओव्हरमनचं, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्याचं, प्रमाणपत्र, सोबत गॅस टेस्टिंग आणि प्रथमोपचाराची प्रमाणपत्रं. ओव्हरमनशिवाय भूमिगत खाणीची पाळी चालत नाही. पुढे अनुभवावर मॅनेजरच्या परीक्षाही देता येतात. आणि ती सर्व्हेकडे वळली तर नकाशा तिच्या हातात असेल.

खरं सांगू? तुमच्या घरात त्या प्रस्तावित खाणीसाठी सर्वांत योग्य उमेदवार तूर्त तीच दिसते. ऐंशी हजार बाजूला काढलेलेच असतील, तर ते तिच्या वसतिगृहाला लाव. प्रवेशाच्या तारखा निघून जातात, म्हणून तिचं आधी बघ, सातबारा त्याच आठवड्यात, आणि ॲप्रेंटिसशिपची नोंदणी तुझी तू मोबाइलवरच करशील.

बाबांना समजवायला माझं पत्र दाखवू नकोस, ते चिडतील. त्यांना अहवालाचा मराठी सारांश आणून दे आणि मनुष्यबळाचा तक्ता वाचायला सांग. सुनावणीत बोलायचंही त्यांनीच, कारण जमीन त्यांची आहे आणि गावात त्यांचा शब्द ऐकला जातो. प्रश्न तू लिहून दे. तारीख जाहीर झाली की कळव, आणि कंपनीचं नाव यावेळी विसरू नकोस.